रामबागेतला बाईंचा भाषणाचा वर्ग: साडेचार हजारांत काय मिळतं

आधी फी सांगतो, कारण इंदुरात कुठल्याही गोष्टीबद्दल पहिला प्रश्न तोच येतो. तीन महिन्यांचे ४,५०० रुपये. एकदम द्या नाहीतर तीन हप्त्यांत द्या. रोख दिले तर हाताने लिहिलेली पावती मिळते, फोनवरून पाठवले तर बाई "आले हो" म्हणतात आणि वहीत नोंद करतात. दर रविवारी सकाळी साडेआठ ते साडेदहा. एका बॅचला बाराच माणसं. सर्टिफिकेट नाही, आणि शेवटच्या दिवशी फेटे बांधून ग्रुप फोटोही नाही.

बाईंचं नाव देत नाही. त्यांनीच नको म्हणून सांगितलंय. रामबागेतल्या जुन्या मराठी घरांत चौकशी केली की पत्ता मिळतो. शाळेतून निवृत्त झाल्यात, त्याआधी मालवा हाऊसमध्ये, म्हणजे आमच्या इंदूरच्या आकाशवाणीत, नैमित्तिक निवेदिका होत्या. आवाज अजून असा की खालून दुधवाल्याला हाक मारली तर गल्लीतली तीन घरं पातेली घेऊन बाहेर येतात.

मी पीथमपूरच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघतो. इतकी वर्षं आकडे मी काढायचो आणि मीटिंगमध्ये ते वाचून दाखवायचं काम दुसरं कुणीतरी करायचं. मग साहेब बदलले. नव्या साहेबांनी फर्मान काढलं की ज्याचे आकडे त्यानेच उभं राहून सांगायचे. त्याच सुमारास कॉलनीच्या गणेशोत्सव मंडळाने मला कार्यवाह केलं, आणि कार्यवाहाच्या गळ्यात आभारप्रदर्शन असतंच. म्हणजे दर महिन्याला हिंदीत घाम आणि भाद्रपदात मराठीत घाम. २००१ साली इंदुरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या, तेव्हा मी हौसेने स्वयंसेवक झालो होतो. काम मागून घेतलं ते मांडवाच्या पार मागच्या टोकाचं. माइकपासून जितकं लांब तितकं बरं, हा माझा खाक्या तेव्हापासूनचा.

बाईंकडे जाण्याआधी कंपनीने आम्हा काही जणांना दोन दिवसांच्या एका कार्यशाळेला पाठवलं होतं. विजयनगरकडचं हॉटेल, एसी हॉल, गोल टेबलं, प्रत्येकाच्या पुढ्यात पेपरमिंटच्या गोळ्या. ट्रेनर बाहेरगावचे. माणशी १८,००० रुपये, कंपनीने भरले म्हणून बरं. चाळीस जणांत माझ्या वाट्याला दोन दिवसांत मिळून जेमतेम चार मिनिटं उभं राहणं आलं. हिशेब करा: मिनिटाला साडेचार हजार. म्हणजे बाईंची तीन महिन्यांची अख्खी फी तिथे एका मिनिटात गेली. बाईंकडे प्रत्येक जण दर रविवारी दोनदा उभा राहतो, मिळून आठेक मिनिटं होतात, बारा रविवारांची शहाण्णव. मिनिटाला सत्तेचाळीस रुपयांच्या आसपास. जेवण त्या हॉटेलातलं चांगलं होतं, हेही नोंदवून ठेवतो.

पैशांपेक्षा मला तिथल्या आकड्यांचा जास्त राग आला. पहिल्याच स्लाइडवर: ‘संवादात शब्द फक्त ७ टक्के, आवाज ३८ टक्के, देहबोली ५५ टक्के.’ अकाउंट्सच्या माणसाला बेरीज शंभर दिसली की तो आधी खुश होतो आणि मग व्हाउचर मागतो. घरी येऊन शोधलं. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या दोन प्रयोगांमधून आलेत. त्यात लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते, आणि बोलणाऱ्याला समोरच्याबद्दल प्रेम आहे की राग आहे एवढंच ओळखायला सांगितलं होतं. भावना आणि पसंती-नापसंती यांपलीकडे हे सूत्र लावू नका, असं मेहराबियनने स्वतःच सांगून ठेवलंय. नाहीतर विचार करा, मी डिझेलचा खर्च सांगतोय आणि त्यातले शब्द फक्त सात टक्के! मग साहेबांना नुसते हातवारे करून दाखवले असते, ताळेबंद कशाला काढायचा?

दुसरी स्लाइड: ‘माणसाला मरणापेक्षा भाषणाची भीती जास्त वाटते.’ याचं मूळ १९७३ सालच्या एका अमेरिकन पाहणीत आहे. लोकांपुढे यादी ठेवली आणि कशाकशाची भीती वाटते त्यावर खुणा करायला सांगितल्या. लोकांसमोर बोलण्यावर सुमारे ४१ टक्क्यांनी खूण केली, मृत्यूवर सुमारे १९ टक्क्यांनी. कुठली भीती जास्त, हा प्रश्न त्या आकड्यांत नाहीच. झुरळाला घाबरणारे घरात चार असतील आणि वाघाला घाबरणारा एकही नसेल, कारण वाघ घरात येत नाही. पुढे २०१२ साली दोन अमेरिकन संशोधकांनी कॉलेजच्या मुलांना हाच प्रश्न सरळ विचारला. खुणा भाषणावरच जास्त पडल्या, पण सगळ्यात मोठी भीती कुठली म्हटल्यावर मुलांनी मृत्यूच निवडला. हे सगळं मी ट्रेनरना जेवणाच्या वेळी विचारणार होतो, पण उठून विचारायचं म्हणजे पुन्हा तीच बोंब.

बाईंच्या वर्गात स्लाइड नाही, कारण भिंतीवर जागा नाही. एका भिंतीला कपाट, एकीला खिडकी, तिसरीवर देव. सतरंजी आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. पहिल्या दिवशी बाईंनी फळ्यावर बंदी घातलेल्या वाक्यांची यादी लिहिली. ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ सगळ्यात वर. मग ‘आज मी तुम्हाला जे चार शब्द सांगणार आहे ते आपण शांत चित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती’. मग ‘वेळेअभावी’. सगळ्यात खाली ‘एवढे बोलून मी माझे भाषण संपवतो, जय हिंद, जय महाराष्ट्र’. त्यावर आमच्यातल्या एलआयसीच्या काकांनी विचारलं, "बाई, आपण मध्य प्रदेशात राहून जय महाराष्ट्र म्हणतो ते चालतं का?" बाई म्हणाल्या, "जय काहीही म्हणा, पण त्याआधी काहीतरी बोलून झालेलं असू द्या."

हसू येतं, पण त्या यादीत मर्म आहे. आपल्यापैकी बहुतेकांचं पहिलं भाषण एक ऑगस्टचं, लोकमान्य टिळकांवरचं, बाबांनी किंवा आईने लिहून दिलेलं. शेंगांची टरफलं, ‘मी शेंगा खाल्ल्या नाहीत’, टाळ्या, खाली बसा. पाठ केलेलं म्हणायचं आणि मध्ये अडलं की पुन्हा ‘अध्यक्ष महोदय’पासून सुरू करायचं. पन्नाशीला आलो तरी उभं राहिलं की मेंदू तीच पाटी शोधतो, आणि ती सापडली नाही की बोबडी वळते. बाईंचं म्हणणं, भाषण पाठ करूच नका. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक, एवढीच पाठ करा. मधलं मुद्द्यांवर बोला. पहिली दोन वाक्यं मात्र अशी पक्की हवीत की झोपेतून उठवलं तरी आली पाहिजेत. भीतीचा जोर उभं राहण्याच्या आधीच्या मिनिटाला आणि उभं राहिल्यावर पहिल्या मिनिट-दीड मिनिटात सगळ्यात जास्त असतो, मग आपोआप उतरतो. तेवढा वेळ तोंडाला काहीतरी तयार काम द्यायचं.

ते पहिलं मिनिट बाई ज्या बारकाईने घोटून घेतात ते सांगतो, कारण माझ्या मते पैसे त्याचेच आहेत. नाव पुकारलं की उठायचं, पण चालताना कागद चाळायचे नाहीत. जागेवर पोचल्यावर दोन्ही पावलांवर सारखं वजन. नंतर श्वास सोडायचा, घ्यायचा नाही. सोडला की पुढचा आपोआप येतो. घाबरलेला माणूस वर वर हवा भरत राहतो आणि पहिल्याच शब्दाला ती संपते, म्हणून आवाज कापतो. मग खुर्च्यांची खरखर थांबेपर्यंत गप्प. ही गप्प राहायची दोन-तीन सेकंदं म्हणजे शिक्षा वाटते. मग एक चेहरा पकडायचा, शक्यतो दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतला, आणि पहिलं वाक्य त्याच्याशी पूर्ण बोलायचं. दुसरं वाक्य दुसऱ्या चेहऱ्याशी. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बोलण्याचा सल्ला मला शाळेपासून मिळत आलाय. बाई म्हणतात, घड्याळ मान डोलवत नाही.

एका रविवारी टिफिनचा व्यवसाय करणाऱ्या ताई अशा उभ्या राहिल्या, श्वास सोडला, आणि नेमकी खाली कचऱ्याची गाडी आली. इंदूरकरांना सांगायला नको, तिचं गाणं किती जोरात असतं. ताई थांबल्या आणि बाईंकडे बघू लागल्या. बाई हलल्या नाहीत. गाडी घराघरापुढे थांबत पुढे सरकली, गाणं हळूहळू कमी झालं, आणि ताई म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघरातला ओला कचरा आत्ताच गेला, आता बोलते." अख्खा वर्ग हसला. पाठ केलेलं पहिलं वाक्य वाया गेलं, आणि त्यांचं त्या दिवसाचं भाषण सगळ्यांत चांगलं झालं.

बॅचमध्ये एक दातांची डॉक्टर मुलगी होती. घाबरल्यावर शरीरात काय होतं ते तिने आम्हाला समजावलं. संकट दिसलं की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात पळतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, लाळ कमी होते. कुत्रा मागे लागला तर हे सगळं कामाचं. समोर फक्त सोसायटीचे सभासद बसलेले असले तरी शरीर तयारी तीच करतं. म्हणून तोंडचं पाणी पळणं हे आपल्याकडे जे म्हणतात ते शब्दशः खरं आहे. उपाय साधे: जवळ साधं पाणी, भाषणाआधी चहा-कॉफीवर ताबा, कारण त्याने धडधड आणि थरथर वाढते, आणि उच्छ्वास लांबवणं, त्याने नाडी खाली येते. एलआयसीच्या काकांना कुणीतरी धडधड थांबवायची गोळी सुचवली होती, प्रोप्रानोलोल. ती खिशात घेऊनच आले होते. डॉक्टर मुलीने ती काढून घेतली. गोळीने हृदयाचे ठोके आणि हाताची थरथर कमी होते हे खरं, पण दमा असलेल्याला ती धोक्याची आहे, आणि काकांच्या दुसऱ्या खिशात इनहेलर होता. आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय असल्या गोळीच्या वाटेला जाऊ नका.

आता कागद. हात थरथरत असेल तर साधा ए-फोर कागद ती थरथर दहापट करून शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो. बाईंकडे जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा आहे. त्यातल्या जाड पुठ्ठ्यासारख्या पत्रिका पोस्टकार्डाएवढ्या कापून मागच्या कोऱ्या बाजूला मुद्दे लिहायचे, एका कार्डावर चारच ओळी, मोठ्या अक्षरात. माझ्या एप्रिलच्या खर्चाचे मुद्दे कुणाच्या तरी ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’च्या पाठीवर आहेत. हे कार्ड हलत नाही. हललं तरी दिसत नाही.

दिसण्याचाच एक प्रयोग बाई करून घेतात, तो मला सगळ्यात पटला. बोलून झालं की वक्त्याने चिठ्ठीवर लिहायचं: मी किती घाबरलेला दिसलो, दहापैकी. ऐकणाऱ्यांनीही लिहायचं. मग दोन्ही आकडे फळ्यावर. मी वहीत तक्ता केला. वक्त्याचा आकडा सात-आठ, ऐकणाऱ्यांचा तीन-चार, बहुतेक वेळा असंच. म्हणजे पोटात जे चाललंय ते चेहऱ्यावर आपल्याला वाटतं तेवढं येत नाही. नंतर कळलं की यावर केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच यांचं २००३ सालचं संशोधन आहे. भाषणाआधी विद्यार्थ्यांना एवढंच समजावून सांगितलं की तुमची भीती तुम्हाला वाटते तितकी लोकांना दिसत नाही, तर त्यांची भाषणं ऐकणाऱ्यांच्या मतेही सुधारली. बाईंना हे माहीत नव्हतं. मी छापून नेऊन दिलं, त्यांनी चष्मा लावून दोन ओळी वाचल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं, त्यांनाही कळलं."

आता चिंचोके. अमेरिकेत १९२४ साली राल्फ स्मेडली या गृहस्थाने टोस्टमास्टर्स हा भाषणाच्या सरावाचा क्लब सुरू केला. आज त्यांचे क्लब जगभर आहेत. तिथे एका सभासदाचं कामच ‘अं’, ‘आ’ मोजायचं असतं. बाईंनी ते उचललंय. स्टीलची वाटी आणि मूठभर चिंचोके. ‘म्हणजे’, ‘काय आहे ना’, ‘अ‍ॅक्च्युअली’, ‘तर मग’ असं काही अकारण आलं की वाटीत चिंचोका. टण्. इथे माझं आणि बाईंचं जमलं नाही. ज्याला आधीच दातखिळी बसलीय त्याला तो आवाज म्हणजे शाळेतल्या छडीसारखा वाटतो. वकिली सुरू केलेली एक मुलगी दुसऱ्याच टण्ला खाली बसली आणि पुढचा रविवार आलीच नाही. तिला परत आणायला टिफिनवाल्या ताई घरी गेल्या. त्यानंतर बाईंनी पहिला महिना चिंचोके बंद केले, पण माझ्या मते शेवटच्या महिन्यातही ते नंतर मोजून सांगितले तर पुरे. आणि ‘म्हणजे’ने कुणाचं काही बिघडत नाही. रेडिओवर बिघडत असेल.

माइक हा वर्गाचा दुसरा मोलाचा भाग, आणि या बाबतीत बाईंना तोड नाही. माइक ओठांपासून चार बोटं, हनुवटीच्या किंचित खाली, तिरका. समोर सरळ धरला की ‘प’ आणि ‘भ’ला फटाके फुटतात. मधोमध दांड्याला धरायचा, जाळीला नाही. जाळी मुठीत घेतली की आवाज घुसमटतो, आणि एका दिशेचा माइक सगळीकडचं ऐकू लागतो, मग शिट्टी. ही शिट्टी का वाजते तर स्पीकरच्या बॉक्समधून निघालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा बॉक्समधून निघतो आणि गोल गोल फिरत राहतो. म्हणून बॉक्सच्या पुढे उभं राहायचं नाही, माइक हातात घेऊन खाली सोडला तरी त्याचं तोंड बॉक्सकडे करायचं नाही. टकटक करायची नाही, फुंकर मारायची नाही. चालू आहे का बघायचं तर ‘नमस्कार’ म्हणा, काम होतं आणि सुरुवातही होते. आमच्या मंडळाच्या साउंडवाल्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "भिया, हे तुमच्या अध्यक्षांना शिकवा, जाळी पिळूनच बोलतात."

भाषेबद्दल. आमची इंदुरी मराठी हिंदीच्या शेजारी वाढलेली. ‘मी जाऊन राहिलो’, ‘त्याला बोलून दे’, असलं घरात चालतं, पण माइक हातात आला आणि समोर पुण्याहून आलेले पाहुणे बसले की जीभ आखडते. निम्म्या लोकांची भीती भाषणाची नसतेच, मराठी बोलून पकडले जाऊ याची असते. त्यापायी माणूस एकदम पुस्तकी होतो, ‘सदर प्रसंगी उपस्थित’ वगैरे, आणि दोन वाक्यांत अडकतो. बाई इथे दुरुस्ती करत नाहीत. त्या फक्त शब्दाचा शेवट खाऊ देत नाहीत. ‘आलेलेत’ म्हणा, ‘आलेले आहेत’ म्हणा, पण शेवटच्या रांगेला ‘त’ ऐकू गेला पाहिजे. मला हे योग्य वाटतं. सानंद या इंदूरच्या मराठी संस्थेची नाटकं बघायला खंडवा रोडच्या सभागृहात आम्ही गर्दी करतो, ऐकायला आपली भाषा कमी पडत नाही. बोलायला का पडावी?

तक्रारी लिहितो. जिना लाकडी आणि उभा आहे, गुडघे दुखणाऱ्याने दोनदा विचार करावा. पंखा एकच, मे महिन्यात बाराही जण त्याच्याखाली सरकतात आणि वक्ता भिंतीपाशी एकटा उरतो. साडेआठ म्हणजे साडेआठ, उशिरा आलेल्याला बसू देतात पण त्या दिवशी बोलायला मिळत नाही. पोह्यांच्या गाडीवर रेंगाळलं की मी दोनदा यात सापडलो आणि सत्तेचाळीस रुपये मिनिटाचा तोटा सोसला. मोबाइलवर रेकॉर्ड करू देत नाहीत. बाईंचं मत आहे की लोक स्वतःचं बघून खचतात. मला हे पटत नाही. एकदा घरी मुलाकडून रेकॉर्ड करून घेतलं तेव्हाच कळलं की मी बोलताना खिशातल्या किल्ल्या वाजवतो. वर्गात हे कुणीच सांगितलं नव्हतं. हिंदीत बोलायची पाळी तीन महिन्यांत फार कमी येते, इंग्रजी तर नाहीच, आणि आमच्यापैकी बहुतेकांचं ऑफिस त्याच दोन भाषांत चालतं. शिवाय आकाशवाणीच्या जुन्या गोष्टी निघाल्या की अर्धा तास गेलाच. गोष्टी रंगतदार असतात, पण वरच्या हिशेबात ती मिनिटं मी धरलेली नाहीत.

उपयोग काय झाला? ऑफिसचं सांगतो. आधी माझी स्लाइड म्हणजे अख्खं एक्सेल, आणि मी पहिल्या ओळीपासून वाचत जायचो. तिसऱ्या ओळीला साहेब फोन बघायचे. आता आकडे छापून आधीच टेबलावर ठेवतो आणि पहिलं वाक्य पाठ असतं. गेल्या एका मीटिंगचं होतं: "इस महीने डीज़ल पर दो लाख ज़्यादा गए हैं, और वजह जनरेटर नहीं है।" साहेबांनी मान वर केली. मेंटेनन्सवाल्यांनीही केली, जरा जास्तच. धडधड आजही होते, तोंडही कोरडं पडतं. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यापर्यंत ती असते आणि मग कुठे जाते कळत नाही. वक्ता वगैरे मी झालेलो नाही.

आभारप्रदर्शनाचं बाईंनी स्वतंत्र एक रविवार घेऊन केलं, कारण बॅचमधल्या निम्म्यांच्या नशिबी तेच होतं. आभार सुरू झाले की लोक उठतात, खुर्च्या सरकतात, खिचडीच्या वासाकडे माना वळतात. त्यात आपण वीस-बावीस नावांची यादी वाचायची, आणि ज्याचं नाव राहतं तो वर्षभर बोलत नाही. बाईंची रीत अशी: देणगीदारांची नावं फलकावर लिहा, तिथेच वाचू द्या. तोंडाने फक्त कामं सांगा. मी म्हटलं, "परवा रात्री एक वाजता पाऊस आला तेव्हा ताडपत्री धरून जी चार मुलं उभी होती, त्यांनी जरा उभं राहावं." मुलं लाजत उभी राहिली, टाळ्या पडल्या, त्यांच्या आया रांगेत बसूनच राहिल्या. बाकीचे उठलेच म्हणा. खिचडीपुढे कुणाचं चालत नाही.

पाचापैकी चार गुण देतो; अर्धा जिन्याला कापला, अर्धा चिंचोक्यांना. कुणी जावं? ज्याला मंडळात, लग्नात, शोकसभेत, सोसायटीच्या सभेत मराठीत दहा-पाच मिनिटं बोलायची वेळ येते आणि त्या विचाराने आदल्या रात्री झोप लागत नाही, त्याने. नोकरीच्या मुलाखतीची तयारी हवी असेल तर हे ठिकाण नाही. मेहुण्याने मुलीसाठी विचारलं तेव्हा मी सरळ नको म्हटलं, तिला समोर बसून प्रश्न विचारणारं कुणीतरी हवंय, उभं राहून बोलणं नव्हे. शाळकरी मुलांना बाई घेतच नाहीत. मुलांबरोबर आया येऊन बसतात आणि त्यांच्या ओठांच्या हालचाली बघत मूल भाषण करतं, असा त्यांचा अनुभव आहे.

नवी बॅच अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी सुरू होते. फोनवर प्रवेश नाही, स्वतः जावं लागतं. दुचाकी गल्लीच्या तोंडाशीच लावा, आत वळवायला जागा नाही. वर गेलात की बाई दारातच विचारतात, "काय बोलायचंय तुम्हाला?" तिथे तत-पप झालं तरी चालतं, फी मात्र पहिल्या हप्त्याची बरोबर न्या, सुट्टे त्यांच्याकडे नसतात.